निळ्या दारापुढचे फोटो

हैदराबादेत औषधांच्या गोदामात मी पॅकिंगला होतो. शेजारच्या टेबलावर लातूरकडचा एक जण होता. त्याला दुबईचा व्हिसा मिळाला तेव्हा त्यानं आपला कॅमेरा मला विकला आणि वर एक वही फुकट दिली. वहीत त्यानं कुठल्याशा मराठी साप्ताहिकातलं एक सदर दर आठवड्याला कापून खळीनं चिकटवलं होतं. सदर हौशी छायाचित्रकारांसाठी होतं. चांगला फोटो काढायला काश्मीरला जावं लागत नाही, रोजच्या जगण्यातच विषय खच्चून भरलेत, फक्त नजर पाहिजे, असं लिहिणाऱ्याचं म्हणणं. लिहिणाऱ्याच्या रोजच्या जगण्यात खिडकीतल्या कुंड्या, काचेच्या पेल्यातलं सरबत आणि जिन्याचा वळणदार कठडा असायचा. माझ्या रोजच्या जगण्यात खोकी होती. मी अख्खे तीन रोल खोक्यांवर घातले.

पुढं गोदाम बंद पडलं आणि मी गावाकडं परतलो. आमच्या भागातली निम्मी पोरं तेव्हा पुण्याला निघाली होती, उरलेली हैदराबादेला. सगळे जायच्या वेळी मी परत आलो, त्यामुळं माझ्या अकलेबद्दल गावात एकमत झालं. बसथांब्यापाशी मी एसटीडी आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं. मागच्या बाजूला पडदा लावून पासपोर्ट फोटोही काढायला लागलो. कंपनीच्या गेटपासाला फोटो लागायचा. सकाळी जाणाऱ्यांचे फोटो काढायचे आणि संध्याकाळी गेलेल्यांचे फोन घ्यायचे, असा तो धंदा होता.

आमचा मुलूख बिदर जिल्ह्याच्या वरच्या टोकाला. इथं बोलणं मराठीत, कागद कन्नडमध्ये आणि हुज्जत दख्खनीत. अशा ठिकाणी कला रुजवायची म्हणजे काय ते त्या सदर लिहिणाऱ्याला कधी कळलं नसेल. एका आठवड्यात त्यानं लिहिलं होतं की उभ्यानं सगळेच बघतात, तुम्ही जमिनीला टेकून मुंगीच्या उंचीवरून बघा. मी औरादच्या आठवडी बाजारात गेलो आणि मिरच्यांच्या ढिगापुढं पालथा पडलो. एक डोळा मिटलेला, तोंड वाकडं, कोपरं धुळीत. बटण दाबायच्या आत एक बाई ओरडली, "अगं माय, फिट आली की ह्येला!" चार जणांनी मला उताणा केला. एकानं कांदा फोडून नाकाला लावला. दुसऱ्यानं पायातली चप्पल काढून तीच नाकावर दाबली. मी बरा आहे असं जितकं ओरडलो तितकी त्यांनी चप्पल घट्ट धरली, कारण फिट आलेला माणूस बरळतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. झटापटीत बटण दाबलं गेलं. रोल धुऊन आला तेव्हा त्या दिवसाचा एकच फोटो निघाला, चपलेचा. मुंगीच्या उंचीवरून काढलेला म्हटलं तर उत्तमच होता.

लोकांचाही दोष नव्हता. आमच्याकडं फोटो म्हणजे पुरावा. माणूस होता, अख्खा होता, दोन्ही कान जागेवर होते, मनगटाला घड्याळ होतं, हे सगळं दिसलं पाहिजे. कमठाण्याचे एक पाहुणे पोळ्याला आपल्या बैलाचा फोटो काढून घ्यायला आमच्या गावापर्यंत आले होते. मी बैलाचं डोकं घेतलं. डोळ्यात उजेड, शिंगाला गोंडा, मागचं सगळं धूसर. पाहुण्यांनी फोटो हातात घेतला आणि उलटा करून मागच्या बाजूला बघितलं.

"बाकीचा बैल कुटं हाय?"

"डोळे बघा की मामा, कसे बोलायलेत."

"डोळ्याला काय करू? श्येपूट न्हाई, पाय न्हाई. बैल बांडा हाय म्हणून सांगायलास का समद्या गावाला?"

मला राग आला. मनात मी त्यांना अडाणी म्हटलं. त्या काळात मी दिवसातून दहा जणांना मनातल्या मनात अडाणी म्हणायचो, आणि पुण्यातल्या कुणीतरी कधीतरी माझे फोटो बघेल अशी आशा धरून होतो. पुण्याहून फोन यायचे ते "आईला जरा बोलवा की" एवढ्यासाठीच.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, ही माझी सगळ्यात कडक परीक्षक. नवरा गेल्यापासून ती गावाच्या कडेला दोन पत्र्याच्या खोल्यांत एकटी राहायची. सासरची माणसं एके काळी मेंढरं राखणारी. आता मेंढरं गेली होती आणि दोन शेळ्या आणि दुसऱ्याच्या रानातली मजुरी एवढं उरलं होतं. कष्टकऱ्यांचे हात हा वहीतला एक मोठा विषय, म्हणून मी तिचे भाकरी थापतानाचे हात काढले. पिठाचे कण उडताना दिसत होते. मी तो फोटो मोठा करून नेला.

"तोंड धुऊन बसले होते की मी," ती म्हणाली. "आन तू हातच काढलास? हाताला काय नाव असतंय का? मी मेल्यावर लोकं भिंतीवर हात लावतील व्हय माजे?"

तो फोटो तिनं पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवला.

असं चाललेलं असताना वरून हुकूम सुटला की घरटी संडास पाहिजे. बाहेर बसणं बंद. सगळ्या घरांना संडास झाला की गावाला बक्षीस, ढाल, पुढाऱ्यांच्या हस्ते सत्कार. गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक उगाच भांडायला येतील की आमच्याकडं एक नव्हता, दीड होता.

होता तो एकच. पंचायतीच्या अध्यक्ष कागदोपत्री एक बाई होत्या. खुर्चीत त्यांचा नवरा बसायचा, आणि सही लागली की बाईंना गोठ्यातून बोलावलं जायचं. नवऱ्याला सगळे अध्यक्षसाब म्हणायचे. त्यांच्या घरामागं पक्क्या विटांचा, वर सिमेंटचा पत्रा आणि पुढं निळं लोखंडी दार असलेला देखणा संडास उभा होता. आत गोवऱ्या रचलेल्या होत्या आणि भांड्यात कोंबडी अंडी घालायची. अध्यक्षसाब स्वतः टमरेल घेऊन रानातच जायचे. घराच्या इतक्या जवळ माणसानं बसावं तरी कसं, हा त्यांचा प्रामाणिक प्रश्न होता.

पंचायतीचा सेक्रेटरी गुलबर्ग्याकडचा. घरात कन्नड, आमच्याशी दख्खनी. तो एक दिवस झेरॉक्स काढायला आला आणि भिंतीवरचे माझे फोटो बघत उभा राहिला. बैलाच्या डोळ्यापुढं बराच वेळ थांबला. मग त्यानं पिशवीतून फोटोंचा एक गठ्ठा काढून माझ्यापुढं टाकला. वरच्या कचेरीला पुरावा लागत होता. लाभार्थी आपल्या संडासापुढं उभा आहे असा फोटो, प्रत्येक घराचा एक. कुठल्यातरी स्टुडिओवाल्यानं एका दुपारी ओळीनं पंधरा-सोळा माणसं निळ्या दारापुढं उभी करून बार उडवून टाकला होता. माणूस बदलत होता, दार तेच, आणि प्रत्येक फोटोत डाव्या कोपऱ्यात तीच कोंबडी. वरच्या साहेबानं गठ्ठा परत पाठवला होता. कोंबडीही लाभार्थी आहे का, असं त्यानं विचारलं म्हणे.

"ऐसा करो जी," सेक्रेटरी म्हणाला, "आदमी अलग, संडास भी अलग दिखना."

"पण संडास एकच आहे साहेब."

"इसीच वास्ते तो आर्टिस्ट के पास आया मैं."

आर्टिस्ट. मला आजवर कुणी त्या शब्दानं हाक मारली नव्हती. फिटवाला म्हणायचे, फोनवाला म्हणायचे, बैल बांडा करणारा म्हणायचे. मी त्या एका शब्दावर विकला गेलो. तरी तो निघताना मी विचारलं की हे खोटं नाही का. सेक्रेटरी हसला. "पहले फोटो ऊपर जाता, फिर पैसा नीचे आता, फिर सब अपना अपना बाँध लेते. झूठ काय का? थोडा जल्दी का सच है." मला ते पटलं. पटवून घ्यायचंच असलं की कुठलीही गोष्ट पटते.

मग सहा-सात दिवस मी जे काही केलं ते आठवलं की आजही कान तापतात, आणि लाजेनं सांगतो, थोडा अभिमानही वाटतो. ती अख्खी वही मी त्या एका संडासावर रिकामी केली. सकाळच्या कोवळ्या उन्हात दार हिरवट दिसायचं, दुपारी पांढुरकं, मावळतीला जांभळं. समोर कडुलिंबाची डहाळी धरली की भिंत दुसऱ्याच वस्तीतली वाटायची. बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांतून काढला की चौकटीत चौकट. जमिनीला टेकून काढला की संडास देवळाएवढा. तेव्हा मात्र कुणी चप्पल घेऊन धावलं नाही, कारण सरकारी काम होतं. अध्यक्षसाब म्हणाले, दाराला रोज वेगळा रंग फासू, काम झटपट होईल. मी ताडकन नाही म्हटलं. हौशी छायाचित्रकारानं विषयात ढवळाढवळ करू नये, असं वहीत स्पष्ट लिहिलेलं होतं. सरकारला फसवायला मी तयार होतो, पण दार रंगवणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं.

लोकांनी तर जत्रा केली. ज्यांना माझे फोटो कधी पटले नव्हते ती माणसं इस्त्रीचे कपडे घालून अध्यक्षसाबांच्या परड्यात रांग लावून उभी. बायकांनी लग्नातली लुगडी काढली. एका म्हाताऱ्यानं पटका बांधला आणि संडासापुढं खुर्ची मागितली. खुर्चीनं दार अडलं की संडास कुणी वापरत नाही असं दिसतं, हे त्याला समजावण्यात अर्धा तास गेला. एक जोडपं नवंनवं होतं, ते दोन्ही बाजूंना उभं राहिलं आणि मधल्या दारावर दोघांनी हात ठेवला. पुण्याला गेलेल्यांच्या जागी त्यांचे भाऊ, चुलते, मेहुणे उभे राहिले. एक भाऊ तर तीन भावांच्या वतीनं तीनदा आला, तीन वेगवेगळे शर्ट घालून. त्याचं मला मनापासून कौतुक वाटलं. माझ्या खालोखाल कल्पकता त्याच्यातच होती.

फक्त अक्का येत नव्हती.

गावात ज्या बाईला संडास खरोखर हवा होता ती अक्काच. पूर्वी तिच्या घरामागं पडीक होतं आणि बायका तिकडं जायच्या. ते पडीक विकलं गेलं, प्लॉट पडले, तारा लागल्या. आता पहाटे उठून डांबरी सडकेच्या कडेला जावं लागायचं. ट्रक आला, उजेड पडला की सगळ्या बायका उठून उभ्या राहायच्या, ट्रक गेला की परत बसायच्या. अक्काचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. एका वेळी चार ट्रक आले की चारदा उठायचं आणि चारदा बसायचं, दर वेळी शेजारणीच्या खांद्याला धरून. म्हणून संडासाची योजना येणार असं कानावर आलं त्याच आठवड्यात तिनं घरामागं, तारेच्या अलीकडं, खड्डा खणायला घेतला होता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी माप दिलं नव्हतं. मजुरीवरून आली की टिकाव घ्यायची. आठ-दहा दिवसांत छातीएवढा खड्डा झाला आणि त्यावर झोपडीचा जुना पत्रा टाकून ती योजनेची वाट बघत बसली होती.

मीच तिला आणायला गेलो.

"आधी फोटू कामून?" ती म्हणाली. "आधी बांधू द्या की. मंग काढ फोटू."

"तसं नसतंय अक्का. आधी फोटो वर जातो, मग पैसे खाली येतात."

"आन ते दुसऱ्याचं दार हाय की. त्येच्यापुढं मी उभी ऱ्हाऊन काय म्हणू?"

"काय म्हणायचं नाही. उभं राहायचं. समदं गाव राहिलंय."

"समदं गाव हिरीत पडंल."

तरी ती आली. माझ्यावर विश्वास होता म्हणून आली, दुसरं कारण नाही. मावळतीची वेळ होती. ऊन तिरपं येऊन भिंतीवर सांडलं होतं आणि निळ्या दाराला आतून उजळल्यासारखा रंग चढला होता. अक्का आंबट तोंड करून दाराला हात टेकून उभी राहिली, गुडघ्याला आधार म्हणून. तेवढ्यात दार जरा उघडलं आणि आतली कोंबडी फडफडत तिच्या पायांतून बाहेर पळाली. अक्का हसली. वर्षानुवर्षं मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. मी बटण दाबलं. कोंबडी चौकटीबाहेर गेली होती. राहिली फक्त अक्का, तिचा दारावरचा हात आणि तिचं हसू. रोल धुवायला उदगीरला स्वतः गेलो आणि फोटो बघितला तेव्हा मला कळलं की मी आयुष्यात काढला तो हा एकच चांगला फोटो. त्यात सगळं होतं. अख्खा माणूस होता, चेहरा होता, पाय होते. कमठाण्याच्या पाहुण्यांनाही खोट काढता आली नसती.

गठ्ठा वर गेला आणि पास झाला. गावाला ढाल मिळाली. मांडव पडला, हार पडले, हागणदारी संपली असं तीन भाषांत तीन भाषणं झाली. भाषणांनंतर पाहुणे मंडळींपैकी दोघं टमरेल मागत होते, त्यांना कुठं पाठवायचं यावर जरा गोंधळ उडाला, कारण गोवऱ्या काढल्या नव्हत्या. ढाल अध्यक्षसाबांच्या ओसरीवर लागली. आणि तालुक्याच्या कचेरीच्या व्हरांड्यात एक मोठा बोर्ड लागला, त्यावर योजनेचे फोटो. मधोमध सगळ्यांत मोठा फोटो अक्काचा. खाली कन्नडमध्ये लिहिलेलं, सुखी लाभार्थी. मी तो बोर्ड बघायला चारदा गेलो. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना मुद्दाम सांगायचो की कचेरीत जाल तर व्हरांड्यात जरा नजर टाका. फोटोखाली माझं नाव नव्हतं याचं मला फार वाईट वाटत होतं. पुढं त्याच गोष्टीबद्दल मी देवाचे आभार मानले.

पैसे खाली आले नाहीत. वरून निघाले म्हणे, वाटेत कुठंतरी मुरले. गावात कुणी फारसं विचारलं नाही. पुरुषांना रानाची सवय होती, बायकांना विचारायची सवय नव्हती. अक्कानं विचारलं. पंचायतीत गेली, तिला उद्या या म्हणाले. ती उद्या गेली. असं पावसाळाभर चाललं. पावसात खड्ड्याची एक बाजू ढासळली, ती तिनं परत काढली. शेवटी मला म्हणाली, कचेरीत चल, अर्ज लिहून दे. मी कन्नडमध्ये अर्ज लिहिला आणि आम्ही गेलो.

व्हरांड्यात शिरताना ती थांबली. बोर्डावर स्वतःला बघितलं. आत कारकून होता, आमच्याच बोलीतला. त्यानं अर्ज वाचला, रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि अक्काकडं बघितलं.

"अर्ज कामून केलाव अक्का? तुमचं झालंय की."

"कायबी झालं न्हाई. खड्डा हाय नुसता."

कारकुनानं फाईल उघडून फोटो तिच्यापुढं धरला. "ह्या तुमीच न्हवं?"

"व्हय. मीच हाय."

"हासायलाव की चांगलं."

"आतून कोंबडी निघाली म्हणून हासले."

"ते असंल. मागं काय हाय?"

अक्कानं फोटोवरची नजर काढून माझ्याकडं बघितलं.

"मागं काय हाय सांगा की."

"संडास हाय."

"मंग?" कारकून म्हणाला, अगदी समजुतीनं. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्यापुढं एक हसणारी बाई होती आणि एक न हसणारी, आणि हसणारीवर शिक्का मारलेला होता. तो म्हणाला, एका माणसाला दोनदा देता येत नाही, दुसऱ्या गरिबावर अन्याय होईल.

मी तिथं तिच्या शेजारी उभा होतो. हा फोटो मी काढला, हे दार तिचं नाही, असं म्हणायला एक श्वास पुरला असता. मी म्हटलं नाही. मी फोटोकडं बघत होतो आणि माझ्या मनात आलं की प्रिंट जरा गडद झालीय. खरंच तेच मनात आलं. माणूस किती हलका असू शकतो ते मला त्या दिवशी कळलं.

बाहेर आल्यावर अक्का पायरीवर बसली. गुडघा चोळत म्हणाली, "इतका चांगला कामून काढलास रे? जरा वंगाळ काढला असतास तर कुणाला तरी शंका आली असती."

त्या रात्री मी चिडून खरं काय ते लिहून काढलं आणि सकाळी कागद घेऊन सेक्रेटरीकडं गेलो. त्यानं तो शांतपणे वाचला, घडी घातली आणि माझ्याच खिशात ठेवला.

"देओ, जरूर देओ," तो म्हणाला. "फिर सब के फोटो झूठे होते. ढाल वापस जाती. तीन शर्ट वाला अंदर जाता, पटके वाला बुड्ढा अंदर जाता. सब लोगाँ किस के दुकान पे आते? मेरे पास तो कैमराच नहीं." आणि चहा मागवला.

मी चहा प्यालो आणि परत आलो. कागद दिला नाही. भ्यालो. गावाची अब्रू, लोकांची अडचण, असली कारणं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो, पण खरं कारण एवढंच होतं. इतरांना अडाणी म्हणणारा मी, त्यांच्यातल्या एकालाही तोंड द्यायची माझ्यात हिंमत नव्हती.

अक्कानं मला काही विचारलं नाही. तिनं दोन्ही शेळ्या विकल्या. भट्टीवरून दुय्यम विटा आणल्या, वाकड्यातिकड्या. गावातल्या एका गवंड्याकडं तिनं सुगीभर मजुरी केली, त्याबदल्यात त्यानं चार भिंती उभ्या केल्या. विटांना पाणी मारायला ती दोन महिने हापशावरून घागरी आणत होती, त्याच गुडघ्यांवर. मी मदतीला गेलो की म्हणायची, "तू दुकान बघ." शेवटी एकदा म्हणाली, "दार तेवढं तू आण. निळं सोडून कुठलंबी आण."

मी पत्र्याचं दार आणलं, तांबड्या गेरूचं. एका सकाळी बिजागऱ्या बसवल्या. ऊन नुकतंच कुंपणावरून आत आलं होतं. वाकड्या विटांच्या कडा उजळल्या होत्या, पत्र्यावर दव होतं, आणि अक्का हातात टमरेल घेऊन दारापाशी उभी होती. कॅमेरा माझ्या गळ्यात होता. सवयीनं घेऊन आलो होतो. आणि खरं सांगतो, तो उजेड तसा परत मिळाला नसता.

"अक्का, जरा थांब. तिथंच उभी ऱ्हा."

"कामून?"

"एक फोटो काढतो. ह्यो खरा हाय की."

तिनं कॅमेऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"खरा हाय म्हणून कुणाला दावायचाय?" ती म्हणाली. "मला हाय ठावं. बाजूला सर."

मी बाजूला सरलो. ती आत गेली, दार ओढून घेतलं, आणि तिनं आतून कडी लावलेली मला ऐकू आली.